जागेवरचं प्यादं

तार हातात पडली तेव्हा माझ्या बोटांवरची शाई अजून निघाली नव्हती. शेवटचा पेपर देऊन मी वसतिगृहाच्या हौदावर हात धूत होते आणि शेजारच्या मुलीला सांगत होते, की उद्या पहाटेच्या मोटारीनं निघाले तर दिवे लागायच्या आत नळदुर्गला पोचेन आणि अण्णांच्या हातचं पिठलं खाईन. तेवढ्यात वसतिगृहाच्या बाईंनी खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं आणि कागद पुढं केला. ‘अण्णा परवा गेले. या. – शिवलिंगअप्पा.’ गेले या शब्दाआधी मला परवा हा शब्द दिसला. परवा? परवा मी गणिताचा पेपर लिहीत होते. पेपर सोपा गेला म्हणून त्या संध्याकाळी अण्णांना कार्डही टाकलं होतं. नळदुर्गहून औरंगाबादला तार यायला काही दोन दिवस लागत नाहीत. म्हणजे ती कुणीतरी अडवून धरली होती... रडू यायच्या आधी मला राग आला, हे आज कबूल करते.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. मोजणी खात्यात मोजणीदार होते. निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं उर्दू लिहायला लागले की हात झरझर चालायचा, पण संस्थान गेलं, दप्तर मराठीत आलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना बाळबोध अक्षर नव्यानं गिरवावं लागलं. ते शेवटपर्यंत ताठच राहिलं. प्रत्येक अक्षर सुटं उभं. एकोणिसाव्या वर्षी माझं कुंकू पुसलं गेलं आणि सासरच्यांनी मला परत धाडलं, तेव्हा चुलते म्हणाले होते, आमच्याकडं राहू द्या, घरात दोन हात वाढतील. अण्णांनी माझी ट्रंक उचलली आणि थेट नळदुर्गची मोटार धरली. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची मला भीती वाटायची.

त्यांना व्यसन एकच, बुद्धिबळ. नळदुर्गात त्यांना तोडीचा गडी नव्हता. तो होता उमरग्याला. शिवलिंगअप्पा भुसार मालाचे व्यापारी, घरात कानडी बोलायचे, दुकानात मराठी, आणि पटावर दोन्हीत पुटपुटायचे. या दोघांचा डाव मोटारीवरून चालायचा. अण्णा चाल कागदाच्या कपट्यावर लिहून हमरस्त्यावरच्या थांब्यावर कंडक्टरच्या हाती द्यायचे, तो ती अप्पांच्या दुकानात टाकायचा आणि आठवड्यात केव्हातरी उलट चिठ्ठी यायची. एक डाव सहा-सहा महिने चाले. आमच्या ओसरीवर पट कायम मांडलेला, वर फडकं झाकलेलं. झाडताना मी तो पट नुसता उचलायचे तरी अण्णांचा जीव खालीवर व्हायचा. कंडक्टरही त्यात इतका गुंतला होता की चिठ्ठी देताना तोंड वाईट करून म्हणायचा, “साहेब, आज अप्पा लई खुशीत हुते बरं का.”

एका रविवारी अण्णांनी वर्तमानपत्रात वाचलं, की परदेशात एका यंत्राला बुद्धिबळ शिकवायचं चाललं आहे. खोलीभर मोठं यंत्र. त्याला डोळे नाहीत, समज नाही, सगळं आकड्यांत सांगावं लागतं. कुणाची बाजू वरचढ, हेसुद्धा ते बेरीज-वजाबाकी करून ठरवतं. अण्णांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बातमी त्यांनी कापून ठेवली आणि संध्याकाळी मला म्हणाले, “इंदू, तुला खेळ येत न्हाय. पण हिशेबात तू पक्की. आजपासून तू यंत्र.”

मी हसले. ते हसले नाहीत. “एकच गोष्ट ध्यानात ठेव. खेळ शिकायचा न्हाय. शिकलीस की खराब झालीस.”

अशी मी यंत्र झाले. सगळा डाव आपल्याच्यानं व्हायचा नाही, हे अण्णांना कळत होतं, म्हणून त्यांनी शेवट घेतला. हत्ती, घोडे, उंट, वजीर सगळे कापले गेले, दोन राजे आणि थोडी प्यादी उरली, तर कोण जिंकणार? पाहून नव्हे, नियम लावून सांगायचं. मी चुलीपुढं भाकरी थापत असायचे, अण्णा ओसरीवरून राजा कुठल्या घरात, प्यादं कुठल्या घरात ते ओरडून सांगायचे, आणि मी पिठाच्या हातानंच वहीत बघून उत्तर द्यायचे, जीत, हार किंवा बरोबरी. वही माझ्या अक्षरात. अण्णांनी सांगायचं, मी लिहायचं, कारण त्यांच्या बाळबोध लिहिण्याच्या वेगानं जन्म गेला असता. मोजणीच्या कामात ते नजरेवर कधी विसंबले नाहीत. बांध समोर दिसत असला तरी साखळी टाकल्याशिवाय आकडा मांडायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. तोच त्यांनी पटावर आणला होता.

आधी त्यांनी गुण ठरवले. प्रत्येक प्याद्याला दहा, पुढं सरकलेल्या प्रत्येक घराला दोन जास्त, एकामागं एक अडकलेल्या दोघांचे तीन वजा. मी बेरीज करायचे, सांगायचे, अण्णा चौदानं वर. आणि डाव अप्पा जिंकायचे. असं चार-पाच वेळा झालं. मग एकदा जेवताना मध्येच म्हणाले, “त्या यंत्राची अडचण मला कळली बघ. त्याला चार चालींपुढचं दिसत न्हाय. प्याद्याचा वजीर हुतोय सहाव्या चालीला. मग ते चौथ्या चालीवर थांबून गुण मोजतंय आन् म्हणतंय, सगळं ठीक हाय.” त्यांनी हात धुतले, वही मागवली आणि गुणांची पानं खोडायला लावली. प्याद्यांच्या शेवटात गुण मोजायचे नाहीत, घरं मोजायची. तीही शेवटाकडून मागं. प्यादं शेवटच्या ओळीत पोचून त्याचा वजीर होतो ते घर आधी धरायचं आणि तिथून एकेक पाऊल मागं येत विचारायचं, इथं कुणाची चाल असेल तर काय होईल?

मग नियम सुचत गेले. राजे समोरासमोर उभे, मध्ये एकच घर मोकळं, तर ज्याची चाल असेल त्याला बाजूला व्हावं लागतं. बाकी सगळ्या खेळात चाल आपली असली की बरं, इथं तीच गळ्याशी येते. काठाचं, हत्तीच्या ओळीतलं प्यादं असेल आणि समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला, तर बरोबरी, मग कितीही झगडा. आणि सातवा नियम अण्णांचा सगळ्यात लाडका. मोकळं प्यादं पळत सुटलं आणि राजाला ते एकट्यानं धरायचं असेल, तर प्याद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत चौकोन आखायचा. राजाची चाल असताना तो त्या चौकोनात पाय ठेवू शकला तर प्यादं सापडलं, नाहीतर गेलं. हा नियम मी स्लेटपेन्सिलीनं फरशीवर चौकोन आखून लावायचे. मोजणीदाराला आणखी काय हवं!

पण चूक झाली ती नेमकी तिथंच. अण्णा आणि अप्पा दोघंही देशी खेळावर वाढलेले, म्हणजे प्यादं एका वेळी एकच घर चालायचं. पुढं अण्णांनी नव्या पद्धतीच्या नियमांचं पुस्तक कुठूनसं मिळवलं आणि यंत्र परदेशातलं आहे तर खेळही तिकडचाच हवा म्हणून अप्पांना राजी केलं. नव्या पद्धतीत प्यादं आपल्या जागेवरून पहिल्यांदा हलताना दोन घरं जाऊ शकतं. अण्णांना हे पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि हाडात मुरणं वेगळं. नव्या पद्धतीच्या पहिल्याच डावात शेवट आला. अण्णांना आपला राजा पलीकडं नेऊन अप्पांचं एक प्यादं खायचं होतं. अप्पांचं दुसरं प्यादं होतं अलीकडच्या टोकाला, पहिल्यापासून न हललेलं. ते पळालं तर राजा परत येऊन धरेल का? मी फरशीवर चौकोन आखला आणि सांगितलं, “येतोय चौकोनात. एका घरानं येतोय.” अण्णांनी प्यादं खाल्लं. चार दिवसांनी कंडक्टर चिठ्ठी घेऊन आला. अप्पांनी ते जागेवरचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं होतं. अण्णांचा राजा एका घरानं बाहेर राहिला.

अण्णा चिडले नाहीत. ओसरीवर बसून मोठमोठ्यानं हसले. “यंत्र बरोबर हाय, इंदू. माणूस चुकला. मीच तुला जुनं प्यादं सांगितलं.” मग त्यांनी सातव्या नियमाखाली एक ओळ लिहायला सांगितली. मी टाक बुडवून ती ठळक लिहिली आणि खाली रेघ ओढली. ‘जागेवरचं प्यादं मोजताना एक घर पुढं धरून मोजावं.’

त्या वह्यांनीच मला पुढं शिकायची हिंमत दिली असं मी समजत होते. आता वाटतं, अण्णांनी वह्या त्यासाठीच काढल्या होत्या की काय... कोण जाणे. एक दिवस ते म्हणाले, “एवढे नियम डोक्यात ठेवतीस, तर सातवीची फायनल अवघड न्हाय.” फायनल झाली, मग औरंगाबादला दोन वर्षांचं शिक्षिकेचं ट्रेनिंग. जाताना मी रडले तर म्हणाले, “म्या नसलो तरी तुला कुणाच्या चुलीपुढं उभं राहायला लागू नये. एवढं झालं की माझा डाव संपला.” मी त्यांना दटावलं होतं. असलं अभद्र बोलू नका म्हणाले होते.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला घरी आले तेव्हा अण्णांच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक दिसलं. जेवायला मी सगळं केलं होतं, त्यांनी ताकभात तेवढा घेतला. मी विचारलं, हे काय? “दिवसभर उन्हात साखळी ओढतो, दुसरं काय हुणार,” असं म्हणून त्यांनी ताट सारलं. मला दिसलं होतं. खोटं कशाला बोलू, मला दिसलं होतं. पण परीक्षा डोक्यावर होती, आणि मी मनाशी म्हटलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापूरला नेऊन डॉक्टरांना दाखवू. चौथ्या चालीवर उभी राहून मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

नळदुर्गला पोचले तेव्हा तिसराही दिवस उलटून गेला होता. सावडणं झालं होतं. ओसरीवर शिवलिंगअप्पा एकटेच बसले होते. दुकान बंद ठेवून आठवडाभर ते आमच्याकडंच राहिले होते. मला पाहून उठले आणि माझ्या हातातली ट्रंक घ्यायला पुढं आले. मी ती दिली नाही.

“तार आधी का केली नाही?” मी विचारलं. पाया पडणं नाही, पाणी नाही, एवढंच विचारलं.

“अण्णांनी शपथ घातली हुती, अक्का. पेपर संपल्याबिगर कळवायचं न्हाय.”

“आणि तुम्ही ऐकलंत?”

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. “आयुष्यभर त्यांचं कंदी ऐकलं न्हाय. शेवटाला एकदाच ऐकलं. व्हय, चुकलं माझं. तुमी मारा मला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दसऱ्याच्या आधीच दोघं सोलापूरला जाऊन आले होते. पोटात गाठ होती, हाताबाहेर गेलेली. आठ महिने धरा, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या मोटारीत अण्णा बोटांवर मोजायला लागले आणि चांगल्या आवाजात म्हणाले, “बसतंय की, अप्पा! इंदूची परीक्षा चैत्रात. वैशाख हातात राहतोय.” मला कळवलं तर मी परीक्षा टाकून धावत येणार, हे त्यांना माहीत होतं. पुन्हा ती संधी आली नसती, आणि ते गेल्यावर चुलत्यांची चूल होतीच. म्हणून दिवाळीला त्यांनी माझ्यासमोर ताकभात खाल्ला, आणि मी परत गेल्यावर तोही जाईना, असं अप्पा म्हणाले. माघापर्यंत हिंडतेफिरते होते. त्यानंतर आजारानं एकदम उचल खाल्ली. शेवटच्या चार दिवसांत रोज विचारायचे, आज कुठला पेपर? अप्पा सांगायचे. गणिताच्या दिवशी दुपारी विचारलं, अप्पांनी सांगितलं, तर म्हणाले, “मग झालं. गणितात ती चुकायची न्हाय.” त्यानंतर बोलले नाहीत.

मी त्या रात्रीपर्यंत रडले नव्हते. वही समोर घेतली तेव्हा रडले. वहीच्या शेवटच्या पानावर अण्णांनी स्वतःच्या हातानं पट्टीनं एक ओळ आखली होती, आठ घरांची, पटावर असते तशी. पहिल्या घरात आश्विन, दुसऱ्यात कार्तिक, असं एकेका घरात एकेक महिना, ते ताठ सुटं अक्षर. सातव्या घरात चैत्र, त्याखाली ‘परीक्षा’. आठव्यात वैशाख, आणि त्याखाली दोनच शब्द, ‘इंदू घरी’. महिन्याला एक घर. आजार आपला एकेक पाऊल येणार, आणि त्याच्या आधी एका घरानं आपण पोचणार. साखळी टाकून मोजावं तसं नेटकं मोजलेलं होतं. आणि त्याच वहीत, वीसएक पानं मागं, माझ्या अक्षरातली ती ओळ होती, खाली रेघ ओढलेली. एक घर पुढं धरून मोजावं...

अण्णा, तुम्ही विसरलात. पण ती ओळ तर मी लिहिली होती. मला यंत्र म्हणायचात ना? मग हे एक गणित मला का नाही घातलंत? मी घरं मोजून सांगितलं असतं, की राजा पोचत नाही, मला आत्ता बोलवा. परीक्षा गेली असती. जाऊ द्यायची होती! आणि हे लिहितानाच मला कळतं, की तुम्हाला माझं उत्तर ठाऊक होतं म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत. मी पास होईन, शाळेवर लागेन, कुणाच्या चुलीपुढं उभी राहणार नाही. तुमचं ते गणित बरोबर आलं. माझं मात्र एक घर कायमचं कमी पडलं, आणि ते कुठल्याच नियमात बसवता येत नाही.

याला आता महिना उलटून गेला. वैशाख लागला आहे. मी घरी आहे.

ओसरीवर पट तसाच आहे, फडकं झाकलेला. अण्णांची शेवटची चाल त्यांनी अंथरुणातूनच अप्पांना सांगितली होती. पटावर आता तिघंच उरलेत, दोन राजे आणि अण्णांचं एक प्यादं. राजे समोरासमोर, मध्ये एकच घर मोकळं, आणि चाल अप्पांची. खेळ मला अजून येत नाही, अण्णांनी शिकू दिला नाही. पण वही उघडून मी नियम लावून पाहिला आहे, तीन-तीन वेळा. अप्पांचा राजा डावीकडं सरकला तरी आणि उजवीकडं सरकला तरी अण्णांचं प्यादं जातं, वजीर होतो. जीत. अप्पांना हे माझ्याआधी कळलं असणार, एवढा मुरलेला खेळाडू आहे तो. हरायला तर ते कधीच भ्यायले नाहीत.

तरी दर गुरुवारी उमरग्याची मोटार थांब्यावर थांबते. कंडक्टर खाली उतरून स्वतः आमच्या ओसरीपर्यंत येतो, आता काही न बोलता, आणि माझ्या हातावर कागदाचा कपटा ठेवतो. त्यावर अप्पांच्या हातचं एकच वाक्य असतं, ‘विचार चालू आहे.’ असे पाच कपटे वहीत जमले आहेत. मीही दर वेळी कंडक्टरला थांबवते, पाणी देते, आणि अण्णांच्या टाकानं उलट चिठ्ठी लिहून त्याच्या हाती देते, ‘घाई नाही.’